तांबड्या शाईचा दगड

१

ब्रांडेसबाई किंचाळल्या नाहीत. किंचाळणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. काठी टेकत त्या फडताळापाशी गेल्या, मांडलेल्या एकेका दगडावरून त्यांनी बोट फिरवलं, आणि वर्गाकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "माझा तांबड्या शाईचा दगड कुणीतरी चोरलाय."

विनय खांबेटे कोपऱ्यात शेगडीपाशी कोळशाची बादली घेऊन उभा होता. चोरी म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा आपल्याकडेच का वळाव्यात हे त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. या खोलीची दुसरी किल्ली त्याच्या खिशात होती.

१९५८चा फेब्रुवारी होता. बॉनच्या पोपेल्सडोर्फ भागातल्या या घराच्या तळमजल्यावर ब्रांडेसबाई जपानी लिपी कुंचल्याने लिहायला शिकवत. नवऱ्याच्या व्यापारापायी त्यांचं अर्धं आयुष्य कोबे शहरात गेलं होतं. लढाईनंतर विधवा होऊन परतल्या त्या एक पेटी दगड घेऊन. हे दगड शाई उगाळण्याचे. एका बाजूला सपाट उतार आणि त्याच्या टोकाला खळगा. उतारावर पाण्याचे चार थेंब टाकायचे, शाईची घट्ट कांडी उभी धरायची आणि सावकाश गोल गोल फिरवत राहायचं. काळी शाई दाट होऊन खळग्यात उतरेपर्यंत वर्गात कुणी चकार शब्द काढायचा नाही. ज्याला शाई उगाळायला धीर नाही त्याने लिहायच्या फंदात पडू नये, असं बाईंचं मत होतं. विद्यार्थ्यांना काळी शाई. तांबडी फक्त बाईंची, चुका दुरुस्त करायला. तिचा दगड वेगळा, कांडी वेगळी आणि कुंचलाही वेगळा.

तोच दगड आता जागेवर नव्हता.

"नाताळाच्या आधी मी पायरीवर घसरले, तेव्हापासून वर्ग बंद होता," बाई म्हणाल्या. "या काळात इथे येत होते फक्त खांबेटे. दमटपणा नको म्हणून थंडी सुरू झाल्यापासूनच मी त्यांना रोज शेगडी पेटवायला सांगितलं होतं. तर, मी कुणावर आरोप करत नाही. शनिवारपर्यंत दगड फडताळात दिसला तर मी काही विचारणार नाही. नाही दिसला तर पोलिसांना कळवीन आणि वरची खोली मला रिकामी लागेल."

आरोप करत नाही म्हणे! "फ्राऊ ब्रांडेस, मी हात लावला नाही हो," एवढंच तो कसंबसं म्हणाला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून उल्काचं रडणं ऐकू आलं. बारीक, चिरकं, थकलेलं रडणं. बादली तिथेच टाकून तो जिन्याकडे धावला.

२

उल्का त्याची मुलगी. इथेच जन्मलेली, अजून वर्षाची व्हायची होती. नाताळापर्यंत गुबगुबीत होती, हसायची, जो दिसेल त्याचा चष्मा ओढायची. नव्या वर्षात तिचं काहीतरी बिनसलं. दिवसरात्र रडायची. झोप नाही. अंग घामाने चिंब. खिडकीतून उजेड आला की तोंड फिरवून आईच्या कुशीत डोकं खुपसायची. हातपाय असे लुळे पडलेले की उचलून घेतलं तर ओलं फडकं उचलल्यासारखं वाटे. आणि तळहात, तळपाय गुलाबी, भाजल्यासारखे, त्यावरची कातडी सुटून येत होती.

विनयने आणि सरलाने तिला मुलांच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने तळहात पाहिले, भुवया उंचावल्या आणि विचारलं, "हिला कसली पावडर दिलीत? दात येतानाची, जंतांची? काही मलम? जुन्या औषधांत कधीकधी पारा असतो, आणि काही मुलांना तो सोसत नाही. म्हणून विचारतो."

"नाही!" विनयने ताडकन सांगितलं. "मी स्वतः संशोधक आहे. आमच्या घरी असलं काही चालत नाही."

ते खरंच होतं. बाळ जन्मल्यापासून त्याने सरलाला बजावून ठेवलं होतं, जर्मनीत आहोत, इथे काजळ नाही, धुरी नाही, गुटी नाही, दृष्ट काढणं नाही. सासूबाईंनी कुणाबरोबर तरी पाठवलेली पुडी त्याने न उघडता राखेच्या बादलीत टाकली होती. सरला काही बोलली नव्हती. ती फारशी बोलत नसेच. तिला जर्मन येत नव्हतं, त्यामुळे दवाखान्यातही ती नुसती उल्काला छातीशी धरून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत बसली होती.

"मग मलाही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला होता. "तपासण्या करू. वजन आणखी उतरलं तर मात्र ठेवून घ्यावं लागेल. थंडीत बाहेर काढू नका, छातीत सर्दी भरली तर ती टिकणार नाही."

आणि आता खोलीच जाणार! बॉनमध्ये परदेशी माणसाला खोली मिळता मिळत नव्हती. परदेशी आणि वर तान्हं मूल म्हटलं की दार उघडणारी बाई दार लावायला लागायची. पत्ता नाही तर आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी नोंदणी नाही, आनमेल्डुंग नाही तर या देशात राहणंच नाही. आजारी पोर घेऊन बर्फात उभं राहायचं कुठे?

"काय झालं हो?" सरलाने विचारलं.

त्याने सांगितलं. चोरीचं ऐकताना तिचा चेहरा पांढराफटक पडला. घाबरली बिचारी, असं त्याला वाटलं. "पोलीस येतील?" तिने पुटपुटत विचारलं.

"येऊ देत. आपण काही केलेलं नाही," तो म्हणाला आणि कोट चढवून लतिकाताईकडे निघाला.

३

लतिकाताई त्याची मावसबहीण, पस्तिशीची, बिनलग्नाची आणि त्याचं तिला तिळमात्र दुःख नाही अशी. इथेच बॉनला खनिजशास्त्रात डॉक्टरेट करत होती. दगडांशी बोलता बोलता माणसांशी कसं बोलायचं ते विसरलीय, असं नातेवाईक म्हणत. पण हरवलेली वस्तू आणि लपवलेली गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नसे, हेही तेच म्हणत.

तिने सगळं ऐकून घेतलं. "तू चोरलास का?"

"ताई!"

"विचारायला हवं. सरळ प्रश्न विचारायला माणसं लाजतात आणि मग वर्षभर अंदाज बांधत बसतात. चल."

ब्रांडेसबाईंनी तिला वर्गात नेलं. फडताळात दगड ओळीने मांडले होते. बहुतेक काळेशार. मधोमध एक जांभळट रंगाचा जुना दगड, त्याच्या काठावर ढग कोरलेले. कडेला एक रिकामी जागा. त्या जागेशेजारी लाकडी तबकात तांबड्या शाईची कांडी, नाजूक झारी आणि कुंचला होता.

"ही कांडी त्याच दगडाची?"

"गेनाऊ. त्याचीच."

"दगड कसा होता?"

"तळहाताएवढा. साधा. पण मी शिकायला लागले त्या दिवशी गुरूंनी दिलेला." बाईंचा आवाज तिथे किंचित हलला, मग पुन्हा ताठ झाला. "खरं तर दगड वापरला की लगेच थंड पाण्याने धुवायचा हा पहिला नियम. शाईत सरस असतो, वाळली की ती दगडाला सोडत नाही. नाताळाआधीच्या वर्गाला विद्यार्थ्यांनी आपापले धुतले. माझा धुवायच्या आधीच मी पायरीवर पडले. जाड तांबडी शाई तशीच वाळली असणार त्याच्यावर. इस्पितळात पडल्या पडल्या मला त्याचीच काळजी लागली होती."

लतिकाने ढगांचा दगड हातात घेऊन खिडकीशी नेला. "याआधी कधी काही विचित्र घडलं होतं?"

बाईंनी आठवून पाहिलं. "त्याच शेवटच्या वर्गात. हा पलीकडचा मोठा दगड, याच्यावर शाई उतरेना. पाणी टाकलं की थेंब गोळा होऊन घरंगळायचा. कुणीतरी तेलकट हात लावला होता. मी फार रागावले. पाव-लोणी खाऊन वर्गात येता, म्हणून सगळ्यांना झाडलं."

"त्याच वेळी तुम्ही केस्लरच्या हातावर फटका मारला होता," विनयला आठवलं. तो तेव्हा शेगडीत कोळसा घालत होता. "तोंडात कुंचला धरला म्हणून."

"माझा कुंचला! काळ्याचं टोक जिभेने सारखं केलं तर मी दुर्लक्ष करते. पण तांबडा कुंचला तोंडात घालायचा नसतो, हे त्यांना सांगून ठेवलं होतं."

लतिका वळली, काहीतरी विचारणार होती. पण दारात एक जाडजूड गृहस्थ टोपी हातात घेऊन उभा होता, आणि तो म्हणाला, "दगड माझ्याकडे आहे अशी शंका असेल तर दुकान उघडून दाखवतो."

४

हा केस्लर. गावात जुन्यापुराण्या वस्तूंचं दुकान चालवायचा आणि संध्याकाळी कुंचला धरायला यायचा. ब्रांडेसबाईंच्या दगडांवर त्याचा डोळा आहे हे तो स्वतःच हसत सगळ्यांना सांगत असे.

"बाईसाहेब," तो लतिकाला म्हणाला, "मला चोरी करायची असती तर मी ढगांचा दगड नेला असता. तसला दुसरा या देशात नसेल. हरवलेला दगड शाळेतल्या मुलाचा असतो तसला. त्याला गिऱ्हाईक नाही. तसला दगड जो नेतो त्याला तो विकायचा नसतो, वापरायचा असतो."

"आणि वापरायला कांडी लागते," लतिका म्हणाली.

"लागते ना. दगडाचा एरवी उपयोग काय?"

केस्लर गेल्यावर लतिका थेट माळ्यावरच्या खोलीत गेली. तिथे श्रीनाथ राहायचा. आधी स्टुटगार्टला होता, आता इथे कुठल्याशा यंत्रांवर प्रबंध लिहीत होता. दार उघडल्याबरोबर लतिकाने विचारलं, "सुट्टीत तू खालच्या वर्गात का जात होतास?"

श्रीनाथने विनयकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "कुणी सांगितलं?"

"तूच. आत्ता."

तो ओशाळून हसला. "खिचडी करायला. खोलीत रांधायला बाईंची बंदी आहे ना. कँटीनचे बटाटे खाऊन जीव विटला होता. शेगडी पेटलेलीच असायची, वर पातेलं ठेवायचो. आईशपथ, दगडाला हात लावला नाही."

"आत शिरायचास कसा? किल्ली माझ्याकडे असते," विनय म्हणाला.

"तुझ्याकडे सकाळी. तू प्रयोगशाळेत गेलास की वहिनींकडे असते. दुपारी त्या बाळाला घेऊन खाली शेगडीपाशीच बसायच्या. वरची खोली गारठलेली असते ना. तूच तर सांगितलं होतंस त्यांना."

विनयला ते आठवलं. हो, त्यानेच सांगितलं होतं. इतकी साधी गोष्ट की ती सांगण्यासारखी आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

"तुला तिथे काही वेगळं दिसलं?" लतिकाने विचारलं.

"दिसलं नाही. वास यायचा. नाताळाच्या आधीपासूनच. उग्र, पण ओळखीचा. घरचा. आमच्या बहिणीचं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा घरभर असायचा तसा काहीतरी. मला वाटलं भास होतोय. इथे राहून माणसाला कसलेही वास येतात."

लतिकाताईने डोळे मिटले. विनय तिला लहानपणापासून ओळखत होता. गणित सुटलं की ती असे डोळे मिटायची, आणि सुटलेलं उत्तर आवडलं नाही की ते बराच वेळ उघडायची नाही.

५

"खाली चल," ती शेवटी म्हणाली. "बाईंसमोर सांगते. तुझ्यावरचा आळ त्यांच्यासमोरच उतरला पाहिजे."

वर्गात दिवा लावून ब्रांडेसबाई बसल्या होत्या. लतिका उभ्यानेच जर्मनमध्ये बोलायला लागली.

"चोराने सगळ्यात स्वस्त दगड नेला. म्हणजे विकायला नाही. दगड नेला, पण त्याच्याशेजारची कांडी ठेवली, झारी ठेवली, कुंचला ठेवला. म्हणजे लिहायलाही नाही. मग पाण्याचे थेंब टाकून काहीतरी उगाळायला दगड कुणाला लागतो? जर्मन माणसाला लागत नाही. त्याला सुचणारही नाही." मग ती विनयकडे वळून मराठीत म्हणाली, "कोण रे असं दगडावर पाणी घालून उगाळतं?"

"आपण," विनय म्हणाला. "सहाणेवर गंध उगाळतो."

"गंधाने दगड तेलकट होत नाही. पहिल्यांदा तिने इथेच बसून मोठ्या दगडावर उगाळून पाहिलं, आणि त्यावरून पाणी घरंगळायला लागलं. तेल सुटतं ते बदामाला, जायफळाला. आणि श्रीनाथला आला तो वास वेखंडाचा. सांग आता, बदाम, जायफळ आणि वेखंड एका सहाणेवर कशासाठी येतं?"

विनय एकदम ओरडला, "गुटी. बाळगुटी! मी पुडी फेकून दिली होती, ताई. माझ्या हाताने!"

"बादलीतून काढायला कितीसा वेळ लागतो? बाई तेलकट दगडावरून ओरडल्या हे तूच तिला वर जाऊन सांगितलं असशील. मग ती छोटा दगड खोलीतच घेऊन गेली. परत ठेवायचाच होता तिला. पण गुटी रोज लागते."

चोर सापडला होता. तोही स्वतःच्या घरात. विनय संतापाने उठला. एवढं शिकवलं, एवढं समजावलं, आणि आपल्या पाठीमागे हा अडाणीपणा! आपण डॉक्टरला छातीठोकपणे काय सांगितलं आणि घरी काय चाललं होतं! "विचारतोच तिला," तो म्हणाला.

"बस खाली." लतिकाचा आवाज एकदम बदलला. ती फडताळापाशी गेली होती. तबकातली तांबडी कांडी तिने दिव्याजवळ धरली आणि नखाने किंचित खरवडली. "फ्राऊ ब्रांडेस, तांबडा कुंचला तोंडात का घालायचा नसतो?"

"कारण काळी शाई म्हणजे काजळी आणि सरस. खाल्ली तरी काही होत नाही. ही त्सिनोबरची आहे. कोबेला पहिल्याच दिवशी बजावतात."

"हिंगूळ," लतिका मराठीत म्हणाली. "माझ्या संग्रहात याचा खडा आहे, विनय. पारा आणि गंधक."

विनयला शब्द ऐकू आला, पण तो डोक्यात शिरायला वेळ लागला. वाळलेली जाड तांबडी शाई. न धुतलेला दगड. पाण्याचे चार थेंब आणि त्यावर रोज फिरणारं जायफळ.

"डॉक्टरने तुला काय विचारलं होतं?" लतिकाने विचारलं.

त्याच वेळी वरून उल्काचं रडणं आलं, आणि मध्येच थांबलं. तान्हं मूल असं मध्येच थांबतं ते तोंडात काहीतरी घातल्यावर. विनय जिना चढत होता की पडत होता हे त्याचं त्याला कळलं नाही.

६

सरला जमिनीवर मांडी घालून बसली होती. उल्का मांडीवर, बोंडलं तिच्या ओठांशी. शेजारी तांदळाचा डबा उघडा होता आणि त्याच्या झाकणावर तळहाताएवढा दगड, ओला, लालसर. विनयने बोंडलं हिसकून घेतलं. गुटी त्याच्या हातावर सांडली. तिच्यात तांबूस झाक होती.

"मारा मला," सरला म्हणाली. "पण तिला एवढी घेऊ द्या. आज दोनदा उगाळलीय. तिला बरं वाटेल हो."

"दोनदा?"

"जास्त आजारी आहे ना. रोज जरा जास्त देतेय."

लतिका तिच्यासमोर बसली आणि तिने दगड रुमालात गुंडाळला. "सरला, हा लाल का घेतलास? एवढे काळे होते."

"मोठ्यावर उगाळली तेव्हा गुटीत काळी शाई उतरत होती, सगळे काळे तसलेच. बाळाच्या पोटात शाई कशी घालायची, ताई? हा लाल दिसला. मला वाटलं, बाई रक्तचंदन उगाळत असतील. रक्तचंदनाने काय होतंय, उलट चांगलंच. धुतला मी, खूप धुतला, पण लाल जाईना. म्हटलं, मुरलेलं चंदन आहे." ती थांबली. दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "काय आहे ते?"

लतिकाने सांगितलं. हळू आवाजात, सोप्या शब्दांत. एखादा काळा दगड उचलला असता तर काजळीपलीकडे बाळाच्या पोटात काही गेलं नसतं, हे मात्र तिने सांगितलं नाही. विनयला ते न सांगताच कळलं.

सरला रडली नाही. ती उल्काच्या गुलाबी तळहाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर त्या दिवशी हेच विचारत होते का?"

"हो."

"तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. ओरडला असतात, तरी सांगितलं असतं. तुम्ही विचारलंतच नाही."

विनयच्या मनात उसळलेला सगळा संताप त्या एका वाक्याने गळून पडला. उरली ती नुसती लाज, आणि भीती. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "आधी चल. हिला घे."

जिन्याच्या पायथ्याशी ब्रांडेसबाई उभ्या होत्या; वर येण्याआधी लतिकाने त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं. त्यांनी आपली जाड लोकरीची शाल काढून उल्काभोवती गुंडाळली. "दगड डॉक्टरांना द्या. मला परत नको," त्या म्हणाल्या. "तो न धुता मी ठेवला होता. खोली तुमचीच आहे." त्यांनी फोन केल्यावर केस्लरने दुकानाची गाडी काढली होती. गोठलेल्या रस्त्यावरून ती इतकी हळू चालली होती की उतरून धावत सुटावं असं विनयला वाटत होतं.

दवाखान्यात त्याच डॉक्टरसमोर या वेळी विनय बोलला नाही. "तूच सांग," तो सरलाला म्हणाला. "एकही गोष्ट गाळू नको. मी नुसतं जर्मन करतो." सरला सांगत गेली. वेखंड, हळकुंड, मायफळ, जायफळ, मुरडशेंग, बदाम, खारीक. ज्या शब्दांना जर्मन नव्हतं तिथे विनय "मूळ" म्हणाला, "शेंग" म्हणाला. मग तिने रुमालातला दगड टेबलावर ठेवला. डॉक्टरने तो उचलून दिव्याखाली धरला. कुणी कशाला दिलं असा प्रश्न त्याने केला नाही, आणि त्याबद्दल विनय त्याचा जन्मभर ऋणी राहिला.

"पारा बाहेर काढणारं इंजेक्शन आहे," डॉक्टर म्हणाला. "नेमकं कारण कळलं हे मोठंच काम झालं. पण फार अशक्त झालीय. जगेल असं वचन मी देणार नाही."

विनयने तसंच्या तसं मराठीत सांगितलं. त्यातलं एक अक्षरही त्याने मऊ केलं नाही. सरलाने मान हलवली आणि उल्काला नर्सच्या हातात दिलं. नर्सने दार लावून घेतलं. आईबापांनी आत यायचं नाही, रविवारी काचेपलीकडून बघायचं, असा इथला नियम होता.

तो रविवार उजाडेपर्यंत दोघांनी काय खाल्लं, काय प्यायलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. लतिका भात करून आणून द्यायची. श्रीनाथने आता उघडपणे वर्गातल्या शेगडीवर खिचडी शिजवून आणून दिली आणि ब्रांडेसबाईंनी ते पाहूनही पाहिलं नाही. सरला रिकाम्या पाळण्यापाशी बसून असायची. "मीच मारलं तिला," असं एकदा म्हणाली. "ती मेलेली नाही," विनय म्हणाला, "आणि तू एकटीने काही केलेलं नाहीस." याहून जास्त धीर त्याच्याकडे नव्हता.

रविवारी लांबलचक बोळात काचेसमोर आईबापांची रांग लागली. त्यांची पाळी आली तेव्हा आतल्या नर्सने उल्काला उचलून काचेजवळ आणलं. केस घामाने चिकटलेले, मान नर्सच्या खांद्यावर कललेली. हातांना पट्ट्या बांधल्या होत्या. रडत नव्हती. विनयला ते चांगलं लक्षण की वाईट तेही कळेना. काचेवर बाहेरच्या खिडकीचा उजेड पडला होता, त्यात त्याला नर्सची पांढरी बाही आणि स्वतःचा चेहरा एवढंच धड दिसत होतं. तेवढ्यात नर्सने पाठ फिरवली. वेळ संपली होती.

"अहो," सरलाने त्याची बाही घट्ट धरली. "तिने बघितलं. माझ्याकडे बघितलं!"

इतकं आजारी मूल, काचेतून, एवढ्या लांबून ओळखत नसतं, असं विनयच्या ओठांवर आलं होतं. मागचे लोक पुढे सरकत होते. तो रांगेतून बाहेर झाला, सरलाला हाताला धरून भिंतीशी घेऊन गेला.

"सांग ना," तो म्हणाला. "कसं बघितलं?"

आणि ती सांगायला लागली.